नेटचे पाणी मुरते कुठे?



घरात पाणी आले नाही तर आपण काय करतो? आधी नळ सोडून पाहतो. मग गच्चीवरची टाकी पाहतो, मग रस्त्याजवळचा कॉक. शेवटी शेजारणीला हाक मारतो, "तुमच्याकडे आलं का हो?" तिच्याकडेही नसेल तर नगरपालिकेत फोन. हा क्रम कोणी शिकवावा लागत नाही. आपल्या आईला, आजीला तो पाठ होता.

नेट अडले की मात्र आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. एक, डबा बंद करून पुन्हा चालू करणे. दुसरी, घरातल्या कोणावर तरी ओरडणे. बहुतेक वेळा ते बोलणे घरातल्या पोराला खावे लागते: "दिवसभर गेम खेळतो, सगळं नेट यानेच संपवलं." पोर नसेल तर सुनेच्या मालिका, आणि तीही नसेल तर केबलवाला.

नेट ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कुवेतला किंवा दम्मामला नोकरी करणाऱ्या बापाला आपल्या लेकराचा चेहरा दिसतो तो याच तारेतून. मुलीचा बारावीचा क्लास, उस्तादांकडे नाझरा शिकणारी लहान मुले, घरी बसून ड्रेसच्या ऑर्डरी घेणारी बहीण, आजीच्या डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल, सगळे त्याच्यावर चालते. म्हणून ते वारंवार तुटते तेव्हा घरात चिडचिड होणारच. आमचे म्हणणे इतकेच, की चिडण्याआधी पाणी कुठे मुरते ते पाहावे. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची आधी तहकीक करायला सांगितले आहे आणि त्याच सूरहमध्ये पुढे गुमानापासून जपायलाही सांगितले आहे. आपण हे मोठ्या भांडणांसाठीच आहे असे समजतो. रोजच्या घरगुती कुरबुरींना ते अधिक लागू पडते.

नेटची वाट: चार टप्पे

तुमच्या हातातला फोन आणि बाहेरचे जग यांच्यात चार टप्पे आहेत. पहिला तुमचा फोन किंवा लॅपटॉप. दुसरा फोनपासून डब्यापर्यंतचा हवेतला रस्ता, म्हणजे वायफाय. तिसरा तो डबा, त्याचा अडॅप्टर आणि घरात येणारी तार. चौथा खांबावरून पुढे कंपनीपर्यंत आणि तिथून जगभर जाणारा रस्ता. पहिले दोन पूर्णपणे आपल्या हातात आहेत, तिसरा अर्धा आपला आणि अर्धा कंपनीचा, चौथा सगळा कंपनीचा.

बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते कळले की निम्मे काम झाले. डबा बंद-चालू केल्यावर नेट सुरू होते हे खरे, पण त्याने फक्त वेळ मारून नेली जाते. डबा नव्याने जोडणी करतो, अडकलेले काही सुटते, आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहते. दिवसातून तीन वेळा डबा बंद करावा लागत असेल तर ते दुखणे शोधायलाच हवे.

पहिला टप्पा: एकाचे अडले की सगळ्यांचे?

नेट अडले की पहिला प्रश्न हाच विचारा. एकाच फोनवर अडले असेल आणि बाकीच्यांचे चालू असेल, तर डब्याला हात लावू नका. त्या फोनचे वायफाय बंद करून पुन्हा लावा. फोनमध्ये जागा शिल्लक आहे का पहा. फरक पडला नाही तर त्या वायफायचे नाव फोनमधून काढून पासवर्ड पुन्हा टाका.

इथे एक गफलत होते. वायफाय मंद झाले की पुष्कळ फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. आपल्याला वाटते घरचे नेट चालू आहे, आणि प्रत्यक्षात सिमचा डेटा संपत असतो. म्हणून तपासणी करताना मोबाइल डेटा बंद ठेवा.

आखातात माणसे असलेल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबीत, व्हॉट्सॲपवरून संदेश आणि फोटो जातात, पण त्यावरचे बोलणे आणि व्हिडिओ कॉल तिथल्या नियमांनी बंद आहेत. तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात. नवीनच दुबईला गेलेल्या मुलाचा व्हॉट्सॲप कॉल लागत नाही म्हणून इकडे घरचे लोक केबलवाल्याला शिव्या घालतात. त्यात ना केबलवाल्याचा दोष, ना तुमच्या डब्याचा. घरातले बाकी सगळे चालते आणि फक्त एकाच देशातला, एकाच ॲपवरचा कॉल लागत नाही, तर कारण तिकडे शोधावे.

दुसरा टप्पा: घरातली हवा

कंपनीचा माणूस डबा कुठे लावतो? जिथे तार आत येते तिथेच, दाराजवळ किंवा खिडकीच्या कोपऱ्यात. मग घरातले लोक तो दिसू नये म्हणून लोखंडी कपाटावर नाहीतर टीव्हीच्या मागे सरकवतात. वायफायच्या लहरींना लोखंड, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि जाड भिंत या चार गोष्टी अडवतात. कोकणातल्या जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या भिंती चांगल्या जाड असतात. माजघरात बसलेल्या मुलीला पडवीतल्या डब्याचे नेट पुरत नाही यात नवल नाही. डबा घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर आणि मोकळ्यावर ठेवा. त्यासाठी तार थोडी लांब घ्यावी लागली तरी तो खर्च सार्थकी लागतो.

बहुतेक डब्यांतून दोन वायफाय निघतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिले लांबवर जाते, भिंतीतूनही बरे जाते, पण त्यावर गर्दी फार. शेजारच्या सगळ्या घरांचे डबे, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी, सगळे तिथेच. मायक्रोवेव्ह चालू असताना स्वयंपाकघरात व्हिडिओ अडकत असेल तर कारण हेच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळे असते, पण एक-दोन भिंतींपुढे दमते. तेव्हा डब्याच्या खोलीत पाचचे वापरावे, लांबच्या खोलीत दोन-चारचे. इमारतीत राहत असाल तर २.४ साठी डब्याच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडता येतो. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

हवेचा दोष आहे की तारेचा, हे ओळखायला सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे लॅनची तार. लॅपटॉप त्या तारेने थेट डब्याला जोडा आणि लॅपटॉपचे वायफाय बंद करा. तारेवर नेट नीट चालले आणि वायफायवर अडखळले, तर दोष घरातल्या हवेत आहे. कंपनीला फोन करून उपयोग नाही, डब्याची जागा बदला. तारेवरही अडखळले तर पुढच्या टप्प्यावर जा. लॅपटॉप नसेल तर डब्यापासून दोन हातांवर फोन धरून पाहा. तितकी पक्की नाही, पण कामचलाऊ परीक्षा होते.

गेम खेळणाऱ्या पोराची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक घर खेड तालुक्यात आहे. घरधनी कुवेतला. त्यांची ड्युटी सुटून जेवण होईपर्यंत तिकडे रात्रीचे आठ वाजतात, म्हणजे आपल्याकडे साडेदहा. रोज त्याच वेळी कॉल तुटायचा. चेहरा गोठायचा, आवाज चिरकायचा. नववीतला मुलगा त्या वेळी ऑनलाइन गेम खेळायचा. दादीअम्माने निकाल दिला, मुलाचा फोन काढून घेतला गेला, आणि अब्बांशी बोलताना सगळ्यांचा राग त्याच्यावर निघू लागला. कॉल मात्र तुटतच राहिला.

मुलाच्या मावसबहिणीने सुट्टीत आल्यावर एक साधी गोष्ट केली. रात्री साडेदहाला सगळ्यांचे वायफाय बंद केले आणि एकेक फोन जोडत गेली. चार फोन जोडले तोवर कॉल सुरळीत होता. पाचवा, म्हणजे मुलाच्या अम्मीचा, जोडला आणि चेहरा गोठला. त्यात लग्नाचे शेकडो व्हिडिओ होते. फोन रात्री चार्जिंगला लावला आणि वायफाय मिळाले की ते सगळे आपोआप क्लाउडवर चढू लागायचे. अम्मीला याची कल्पनाही नव्हती.

यातली तांत्रिक बाब समजून घेण्यासारखी आहे. ऑनलाइन गेम खेळताना फार डेटा लागत नाही. गेम नव्याने उतरवताना किंवा त्याचे अपडेट येताना लागतो, तेव्हा काही जीबी जातात. खेळताना मात्र लागतो तो ताबडतोब प्रतिसाद. म्हणून नेट अडले की गेमवाल्या मुलाला ते सगळ्यांत आधी जाणवते. तो ओरडतो, आणि ओरडतो म्हणून त्याच्यावरच संशय जातो. खरा भार असतो वर पाठवण्याचा. काही योजनांत वर पाठवण्याचा वेग खाली येणाऱ्या वेगापेक्षा बराच कमी असतो. तो फोटो-व्हिडिओंनी भरून गेला की कॉलच्या आवाजालाही रांगेत उभे राहावे लागते.

त्या घरात बॅकअपची वेळ दुपारवर नेली आणि कॉल सुधारला. दादीअम्माने नातवाला जवळ बसवून त्याचा फोन परत दिला आणि "माझं चुकलं बाळा" म्हणाली. असे म्हणणारी माणसे घरात असली की मुलेही उद्या आपली चूक लपवत नाहीत.

तिसरा टप्पा: डबा, अडॅप्टर आणि काचेची तार

आता बहुतेक ठिकाणी फायबर आले आहे. ही तार म्हणजे केसाएवढ्या बारीक काचेचा धागा. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. डब्यावर छोटे दिवे असतात आणि ते आपल्याशी बोलत असतात. पॉवर म्हणजे वीज आहे. पॉन हिरवा आणि स्थिर असला की कंपनीकडचा प्रकाश पोचतो आहे. एलओएस लाल लुकलुकू लागला की प्रकाश येणे थांबले, किंवा फार कमी येतो आहे. लाल दिवा असताना डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. तार कुठे दुमडली, तुटली किंवा निसटली आहे ते पाहावे लागेल. नेट गेले की डब्याला हात लावण्याआधी त्याच्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा. तो फोटो पुढे फार कामाला येतो.

तार दाराच्या फटीत चेपली गेली आहे का? सोफ्याच्या पायाखाली? खिळ्याला घट्ट गुंडाळली आहे का? तार तीव्र वळली की प्रकाश वाटेतच गळतो. तळहाताएवढे सैल वेटोळे चालते, बोटाभोवती गुंडाळल्यासारखे चालत नाही. उंदीर आणि खारी ही तार कुरतडतात, आणि पावसाळ्यात झाडाची फांदी तिच्यावर घासते. तार स्वतः उघडू नका. निसटलेल्या टोकात डोळा घालून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. लहान मुलांनाही हे सांगून ठेवा.

सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर संशय अडॅप्टरवर घ्यावा. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. दोन-तीन वर्षे दिवसरात्र तापून अडॅप्टर कमजोर होतो. डबा चालू राहतो, पण ताण वाढला की मध्येच झोपतो आणि पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटे घेतो. आपल्याला वाटते नेट गेले. अडॅप्टर हाताला चटका देण्याइतका गरम लागतो का, त्याची पिन सैल आहे का, ते पाहा. नवा घेताना जुन्यावरचे व्होल्टचे आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा थोडे जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. तरीही घरात इन्व्हर्टर असताना, डबा चालू असताना, वीज गेली की नेट जाते असे दिसले, तर खालच्या वाडीतल्या लोकांना विचारा. काही स्थानिक केबलवाल्यांचे मधले यंत्र कोणाच्या तरी गच्चीवर असते आणि त्याला बॅटरी नसते. त्यांची वीज गेली की तुमचे नेट जाते. हे शोधून काढले की तक्रार नेमकी करता येते.

चौथा टप्पा: घराबाहेरचा रस्ता

घरातले सगळे ठीक आणि तरी नेट अडते, तेव्हा बाहेर पाहायचे. लॅपटॉप तारेने डब्याला जोडलेलाच ठेवा. काळी कमांडची खिडकी उघडा. त्यात इंग्रजी अक्षरांत पिंग हा शब्द लिहा, मग एक मोकळी जागा, आणि डब्याचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि डब्याखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. उत्तरे पटापट आली तर घरातला रस्ता स्वच्छ आहे. आता पत्त्याच्या जागी ८.८.८.८ टाका. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. शेवटी जागा सोडून हायफन आणि टी लिहिले तर ही हाक थांबवेपर्यंत चालू राहते. डब्याकडून उत्तरे येतात आणि बाहेरून मध्येमध्ये "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येते, तर गळती घराबाहेर आहे. त्या खिडकीचाही फोटो काढा.

रात्री नऊ ते अकरा नेट मंदावते आणि पहाटे उत्तम चालते, तर कारण गर्दी असण्याचा संभव मोठा. फायबरची एक मुख्य तार फोडून ३२ किंवा ६४ घरांना दिलेली असते, आणि पुढे कंपनीने बाहेरून घेतलेली एकूण क्षमताही सगळ्यांत वाटली जाते. कधी कारण फारच लांब असते. ६ सप्टेंबर २०२५ रोजी लाल समुद्रात जेद्दाहजवळ समुद्रतळाच्या केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, अमिराती इथले नेट मंदावले. त्या दिवशी गल्लीतला केबलवाला काय करणार होता?

वेगाच्या आकड्याबद्दलही घोळ होतो. योजना ४० एमबीपीएसची असते. तिथे बी म्हणजे बिट. फाइल उतरवताना मोबाइल दाखवतो तो एमबी म्हणजे मेगाबाइट, आणि ८ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून ४० च्या योजनेत सेकंदाला ५ एमबी उतरत असतील तर तुम्हाला पुरेपूर माप मिळाले आहे. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. कॉल तुटतो म्हणून महागडी योजना घेण्याआधी हे लक्षात घ्या. तुटण्याचे दुखणे वेग वाढवून बरे होत नाही.

सात दिवसांची वही

एक जुनी वही घ्या आणि डब्याजवळ ठेवा. दिवसातून ठरावीक वेळी नोंद करायची म्हटले की आपण विसरतो. आपल्या घरांत दिवसाच्या पाच वेळा ठरलेल्याच आहेत. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. प्रत्येक नमाजनंतर एक मिनिट काढा आणि एक ओळ लिहा: वेळ, वेग, तारेवर की वायफायवर, दिव्यांचा रंग. नेट मध्येच गेले तर कधी गेले आणि कधी आले तेही लिहा. पाऊस होता का, वीज गेली होती का, हेही. हे काम घरातल्या ज्या मुलावर सगळ्यांचा संशय आहे त्यालाच द्यावे असे आम्ही सुचवतो.

सात दिवसांत वही बोलू लागते. फक्त इशानंतर वेग पडतो, म्हणजे गर्दी. दिवसभर कधीही सगळे दिवे विझतात, म्हणजे अडॅप्टर. वारा-पाऊस आला की लाल दिवा, म्हणजे बाहेरची तार. फक्त आतल्या खोलीत रडते, म्हणजे भिंत.

तक्रार करताना

"नेट चालत नाही हो" असे म्हटले की पलीकडून "डबा बंद करून चालू करा" हेच उत्तर येणार. त्याऐवजी म्हणा, "लॅनच्या तारेवर, सात दिवस, रोज रात्री दहाला वेग चाळीसवरून तीनवर येतो, नोंदी आणि फोटो आहेत." बोलण्याचा सूर चढवायची गरज पडत नाही. तंत्रज्ञ घरी आला तर त्याला डब्यापाशी प्रकाशाची पातळी मोजायला सांगा. त्याच्याकडे मीटर असतो. उणे २७ ही साधारण शेवटची मर्यादा. आकडा उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहावे. उणे २६, २७ आला तर जोड किंवा तार तपासायला सांगा. आकडा वहीत लिहून घ्या. घरात बाईमाणूस एकटी असेल तर येण्याची वेळ आधी ठरवून घ्या, आणि त्या वेळी भाऊ, सासरे किंवा शेजारीण यांना बोलवा.

तक्रार फोनवर केली तरी डॉकेट क्रमांक मागा. तो देणे कंपनीला बंधनकारक आहे. मुदतीत काम झाले नाही किंवा उत्तर पटले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. बिघाड तीन दिवसांहून अधिक राहिला तर भाड्यात सूट मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यानंतरही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. या सगळ्यासाठी पैसे भरल्याची पावती लागते. गल्लीतल्या केबलवाल्याला रोख देऊन पावती न घेणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. ती मोडा.

एक इशारा. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा तिच्या ॲपमधूनच घ्या. नेटवर शोधून सापडलेला "कस्टमर केअर" अनेकदा ठगाचा असतो. तो फोनमध्ये पडदा दाखवणारे ॲप घालायला सांगतो, किंवा "दहा रुपये भरा, तक्रार नोंदवतो" म्हणतो. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा.

आणि तारेवर चढणाऱ्या पोराशी नरमाईने बोला. भर पावसात खांबावर चढणारा तो मुलगाही कोणाच्या तरी घरचा आहे. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो, त्याच्या मालकाने ठेवलेल्या कमी क्षमतेचा असतो. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये माप मारणाऱ्यांना कडक ताकीद आहे. पूर्ण पैसे घेऊन अर्धे माप देणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे, पण तो विचारायचा जो माप मारतो त्याला.

घरापुरता करार

शेवटी घरातल्यांनी मिळून चार गोष्टी ठरवाव्यात. कुवेतच्या कॉलच्या वेळी कोणी मोठे काही उतरवणार किंवा चढवणार नाही. मुलीच्या परीक्षेच्या दिवशी लॅपटॉप तारेवर चालेल आणि एका फोनमध्ये डेटा भरून हॉटस्पॉट तयार राहील. फोटोंचा बॅकअप दुपारी होईल. डब्याचा पासवर्ड वर्षातून एकदा बदलेल, कारण तो गल्लीतल्या किती जणांकडे गेला आहे हे कोणालाच माहीत नसते. शेजारच्या गरजू विद्यार्थिनीला नेट द्यायचे असेल तर खुशाल द्या. त्यासाठी डब्यात वेगळे पाहुण्यांचे वायफाय करता येते.

वही आजच घ्या, पहिली ओळ इशानंतर लिहा. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवरच्या ठगांपासून कसे जपावे ते पाहू.